लेटरबॉक्सिंग: खरी गंमत शिक्क्यात आहे

लेटरबॉक्सिंग म्हणजे कोड्यावरून लपवलेली डबी शोधायची, आतल्या शिक्क्याचा ठसा आपल्या वहीत घ्यायचा आणि आपल्या शिक्क्याचा डबीतल्या वहीत उमटवायचा. कुणी विचारेल की जिओकॅशिंग (लपवलेल्या डब्या जीपीएसने शोधण्याचा खेळ) असताना हे वेगळं कशाला. मुळात ते फार जुनं आहे. 1854 मध्ये इंग्लंडातल्या डार्टमूरवर जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूलपाशी बाटली ठेवली, तिथवर चालत येणाऱ्यांनी आपलं कार्ड टाकावं म्हणून. जीपीएस वगैरे काही लागत नाही. कोड्यातल्या खुणा वाचायच्या, पावलं मोजायची.

आम्ही न्यू जर्सीत घराजवळच्या बागेत लेकीबरोबर जातो. गेल्या शरदात तळ्याकाठच्या पडलेल्या ओकखाली डबी सापडली. आत ओलसर वास येणारी वही आणि हाताने कोरलेला बदकाचा शिक्का. पंखावरची रेघन् रेघ उमटत होती! तो आमच्या वहीत, आमचा त्यांच्या वहीत. लेकीने खोडरबरावर 'मी' कोरला होता, तो उलटा उमटला. घरी येऊन तिने आरशात बघून पुन्हा कोरला.

एक कळकळीची विनंती: डबी पुरू नका, झाडाची साल सोलू नका, आणि ठेवण्याआधी बागेच्या कार्यालयात विचाराच. डबी परत ठेवताना वहीच्या पिशवीचं तोंड नीट बंद करा. वही भिजली की आधी येऊन गेलेल्या सगळ्यांचे शिक्के जातात.