ताशी ८० मैलांनी पळवा, फरक पडत नाही म्हणे!

रानवारा:
परवा सुसाट_सदा यांनी त्यांच्या पिकप ट्रकच्या डॅशबोर्डचा फोटो टाकला. अमेरिकेतल्या आय-८० हायवेवर शायेनहून पूर्वेला ओमाहा, क्रूझ (वेग आपोआप राखणारं यंत्र) ताशी ८० मैलांवर, ॲव्हरेज गॅलनला १९.८ मैल. खाली शेरा: "पिकप म्हणजे भिंत. ६५ नं ढकला नाहीतर ८० नं, ॲव्हरेज तेवढंच. ६५ वाले नुसते रस्ता अडवतात." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अहो, भिंत आहे म्हणूनच तर फरक पडतो! हवेचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो. ६५ चे ८० केलेत तर वेग २३ टक्के वाढला, रेटा दीडपट झाला. माझाही पूर्ण आकाराचाच ट्रक आहे, साडेतीन लिटरचा टर्बो व्ही-सिक्स, फोर बाय फोर. नव्या गाडीवर येणाऱ्या ॲव्हरेजच्या स्टिकरवर हायवेला २३. गेल्या उन्हाळ्यात वारा पडलेला दिवस बघून एकाच सपाट पट्ट्यावर जाऊन-येऊन मोजलं, तेही पंपावर भरलेल्या गॅलनांवरून. ६५ ला २१.४, ७० ला १९.९, ७५ ला १८.१, ८० ला १६.३. डॅश दर वेळी निदान एकानं फुशारकी मारत होता.

१९७४ साली राष्ट्राध्यक्ष निक्सननं देशभर ५५ ची मर्यादा लावली ती तेलटंचाईत गॅस, म्हणजे पेट्रोल, वाचवायलाच ना? की त्यालाही रस्ता अडवायचा होता?

सुसाट_सदा:
आणि ती मर्यादा १९९५ साली मोडीत निघाली, कारण धड कोणी पाळतच नव्हतं. आज टेक्सासात एसएच-१३० हायवेच्या एका पट्ट्यावर ८५ ची पाटी आहे. तुमच्याच आकड्यांनी हिशोब करू. ३०० मैल ६५ नं गेलं तर ४ तास ३७ मिनिटं, ८० नं पावणेचार तास. ५२ मिनिटं वाचली. जास्तीचा गॅस साडेचार गॅलनसुद्धा नाही. गॅलनला साडेतीन डॉलर भाव धरला तर पंधरा डॉलर. मागच्या सीटवर दोन पोरं भांडत असताना ५२ मिनिटांचे पंधरा डॉलर मी हसत हसत देईन.

रानवारा:
द्या की. पण परवा "फरक पडत नाही" होतं, आज "फरक परवडतो" झालं. दोन्ही एकदम कसं चालेल?

एकशिंगी:
मुळात लॅपटॉपची बॅग न्यायला साडेपाच फुटी हौदा कशाला लागतो, हे आधी कोणी सांगेल का? पार्किंगमध्ये तुमच्या बॉनेटपलीकडे उभं पोर दिसत नाही. वीस-पंधराच्या ॲव्हरेजवर काथ्याकूट कसला करताय? हायब्रिड घ्या, विषय संपला.

खडीसाखर:
विषय संपत नाही, तिथंच सुरू होतो. १५ चा १८ झालेला ट्रक दर १०० मैलांना १.१ गॅलन वाचवतो. ३० ची गाडी विकून ४० ची घेतली तर ०.८. ज्याचं ॲव्हरेज वाईट त्याच्याच पायाखाली जास्त बचत असते. बॉनेटबद्दल मात्र +१.

मीनल_मिडवेस्ट:
तुम्ही सगळे रिकामे ट्रक चालवता. मागे कॅम्पर (राहायचा ट्रेलर) लावून बघा. आमचं ९ वर येतं, समोरून वारा असला तर ७. आमचे हे तरीही ७५ सोडायचे नाहीत, "इंजिनात दम आहे गं" म्हणत. दम इंजिनात असेल, ट्रेलरच्या टायरमध्ये नव्हता. ते बरेचदा ६५ साठीच बनवलेले असतात, हे मला टायर फुटून त्याच्या पट्ट्यांनी फेंडर फाडून नेल्यावर कळलं. भर उन्हात रस्त्याच्या कडेला अडीच तास बसलो. कॅलिफोर्नियात ट्रेलर मागे असला की ५५ ची मर्यादा आहे, त्यावर हसायचो. आता क्रूझ ६३ आणि हुकूम माझा.

बंडूकाका:
वेगाचं सोडा हो. मागचा फाळका पाडून चालवा, हवा सरळ निघून जाते. साधी अक्कल आहे. माझा थ्री-क्वार्टर टन, म्हणजे जास्त वजन पेलणारा ट्रक आहे. सामानासकट वजनाची मर्यादा साडेआठ हजार पौंडांच्या वर असल्यानं त्याच्या स्टिकरवर ॲव्हरेजचा आकडाच नसतो, त्यामुळे आम्ही स्वतःच मोजतो. फाळका पाडला आणि १५ चा साडेसोळा झाला. वेग तोच.

खडीसाखर:
काका, साधी अक्कल इथं फसते. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा भोवरा अडकून बसतो आणि केबिनवरून आलेला झोत त्याच्यावरून घसरत मागे जातो. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो आणि ओढ वाढते. हौद्यावर झाकण टाकलं तर थोडा फायदा होतो.

बंडूकाका:
तुमचा भोवरा तुमच्यापाशी. मी वीस वर्षं ट्रक चालवतोय.

एकशिंगी:
काका, वीस वर्षं फाळका उघडा ठेवून सामान कुठे कुठे सांडलंत?

बंडूकाका:
तुझ्या हायब्रिडच्या डिकीत मावेल एवढंच सांडलं असेल. मोठ्यांशी बोलायची रीत असते.

रानवारा:
धागा वेगाचा आहे हो...

खडीसाखर:
एक मिनिट. काका, त्या सुमारास ट्रकवर आणखी काही काम केलंत? टायर वगैरे?

बंडूकाका:
टायर आधीच बदलले होते. ३२ इंची काढून ३५ इंची. त्या आठवड्यात फक्त स्पीडोमीटर नव्या मापाला जुळवून घेतला. त्याचा इथं काय संबंध?

खडीसाखर:
सगळाच संबंध आहे. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, पण मीटर जुन्याच मापानं मैल मोजत होता. काटा ७० दाखवत होता तेव्हा तुम्ही ७६ च्या वर होतात. जुळवल्यावर मैल नऊ टक्के वाढले. १५ मध्ये नऊ टक्के मिळवा, साडेसोळाच्या आसपास येतं. शिवाय काट्यावर तोच वेग म्हणजे रस्त्यावर आता कमी वेग. तुम्ही आधीपेक्षा हळू चालवताय!

बंडूकाका:
असेल. फाळक्यानं नुकसान तर काही झालं नाही ना? मग झालं तर.

सुसाट_सदा:
काकांचं झालं, पण माझ्या १९.८ चं काय? डॅशनं एक वाढवून सांगितला तरी १८.८ उरतात. रानवारा यांना ८० ला १६.३ मिळतात. माझं इंजिन काय पाण्यावर चालतं?

रानवारा:
शायेन सहा हजार फुटांवर, ओमाहा हजारावर. उतारावरून घरंगळत आलात, आणखी काय!

खडीसाखर:
रानवारा, आकडा न मांडता बोलू नका. पाच हजार फूट उताराची सगळी शक्ती वापरली गेली तरी पाचशे मैलांत जेमतेम एक गॅलन वाचतो, आणि त्यांनी पंचवीस जाळले. सदा, वाटेत थांबलात तेव्हा वारा होता का?

सुसाट_सदा:
नेब्रास्कात वारा कधी नसतो? रेस्ट एरियात ट्रकचं तोंड पूर्वेला होतं. दार उघडलं तर हातातून हिसडून पुढे गेलं, बिजागरी वाकायची राहिली.

खडीसाखर:
समोरून वारा असता तर दार उघडायला जोर लावावा लागला असता. पुढे उडालं म्हणजे वारा पाठीमागून. तो १५ चा असेल तर काट्यावर ८० असताना हवेच्या दृष्टीनं तुम्ही ६५ नंच चालला होतात. सुरुवातीच्या उंचावर हवा विरळ, तो फायदा वेगळा. आणि हवेच्या दृष्टीनं ६५ असूनही रानवारांचे २१.४ तुम्हाला मिळाले नाहीतच.

रानवारा:
ठीक, उताराबद्दल मी चुकलो. बाकी फोटोसाठी आभार, माझ्याच बाजूचा पुरावा निघाला.

सुसाट_सदा:
फार खूश होऊ नका. जूनमध्ये त्याच रस्त्यानं पश्चिमेला जायचंय. वारा समोरून असला तर ७० ला लावेन. ६५ ला नाही. आणि डॅशचा फोटो टाकणार नाही.

मीनल_मिडवेस्ट:
कॅम्पर नेणार आहात का? टायरवरची बनावटीची तारीख बघून निघा.