टाइम सिरीज डेटाबेस एसएलओ प्लॅटफॉर्मला जोडावा, की गणित डेटाबेसच्या शेजारीच ठेवावं?

पेजरधारी:

आमच्या सेवांची मोजमापं दोन टाइम सिरीज डेटाबेसमध्ये, म्हणजे वेळेच्या शिक्क्यासह आकडे ठेवणाऱ्या भांडारांत, साठतात. नव्या सेवांची प्रोमिथियसमध्ये, जुन्यांची इन्फ्लक्सडीबीमध्ये. आता वर एक विश्वासार्हता प्लॅटफॉर्म आणायचं चाललंय. एसएलओ (किती टक्के विनंत्या नीट पार पडाव्यात याची उद्दिष्टं) तिथे लिहायचे, एरर बजेट (त्या उद्दिष्टात चालून जाणाऱ्या चुकांचा कोटा) तिथे मोजायचं, आणि बजेट भराभर जळायला लागलं की पेजर तिथूनच वाजवायचा.

जोडणीचे दोन मार्ग आहेत. एक, प्लॅटफॉर्म बाहेरून थेट आपल्या डेटाबेसला क्वेरी मारतं. दोन, आपल्या नेटवर्कमध्ये त्यांचा छोटा एजंट चालतो, तो आतल्या आत क्वेरी करतो आणि फक्त उत्तराचे आकडे बाहेर धाडतो. मी एजंटच्या बाजूचा आहे. डेटाबेसचं दार बाहेरून उघडावं लागत नाही, हे एक. दुसरं म्हणजे प्रोमिथियस मुळात १५ दिवसांचाच डेटा ठेवतो आणि आमची एसएलओची खिडकी (हिशोबाचा कालावधी) ३० दिवसांची आहे. मुदत वाढवता येते, पण वर्षभराचा बजेटचा इतिहास कुठेतरी वेगळा राहिलेलाच बरा.

टीममधल्या अर्ध्या लोकांचं म्हणणं आहे की हे सगळं प्रोमिथियसच्या रूल्समध्येच (ठराविक वेळाने आपोआप चालणाऱ्या क्वेरींमध्येच) होतं, नवं खटलं कशाला? मला ते पटत नाही. तुमचं काय?

जुना_खिळा:

मी त्या अर्ध्या लोकांतला.

९९.९ टक्क्यांचा एसएलओ घ्या. ३० दिवसांत ४३.२ मिनिटांचं बजेट. गूगलच्या एसआरई वर्कबुकमधला नेहमीचा नियम लावला, म्हणजे एका तासाच्या खिडकीत बर्न रेट (बजेट ठरल्या गतीच्या किती पट जळतंय तो आकडा) १४.४ च्या वर गेला की पेज. सेवा पूर्ण आडवी झाली आणि ट्रॅफिक सारखा आहे असं धरलं, तर हा उंबरठा साधारण ५२ सेकंदांत ओलांडला जातो. म्हणजे गणित स्वतः मिनिटभरात जागं होतं. आता तुमची साखळी बघा: स्क्रेपला (प्रोमिथियसने सेवेकडून आकडे ओढण्याला) मिनिट, एजंटच्या क्वेरीला मिनिट, उशिरा येणाऱ्या डेटासाठी मुद्दाम ठेवलेलं थांबणं, मग इंटरनेट, मग त्यांची रांग, मग पेजर. तीन-चार मिनिटं सहज जातात. ९९.९९ चा एसएलओ असेल तर महिन्याचं सगळं बजेट ४.३२ मिनिटं. पेजर वाजेपर्यंत महिना संपलेला!

स्लॉथ किंवा पायरा वापरा. एसएलओची छोटी फाईल लिहायची, ती साधनं रेकॉर्डिंग रूल (क्वेरीचं उत्तर आधीच काढून साठवणारे) आणि अलर्ट दोन्ही तयार करून देतात. डेटा जिथे आहे तिथेच निर्णय.

पेजरधारी:

आणि प्रोमिथियसच झोपला तर? मेमरी संपून पडला की रूलही गेले, अलर्टही गेले. सगळीकडे शांतता, आणि शांतता म्हणजे सगळं आलबेल असंच वाटतं. बाहेरच्या प्लॅटफॉर्मला निदान एवढं कळतं की आकडे यायचे थांबलेत.

९९.९९ बद्दल म्हणाल तर चार मिनिटांच्या बजेटवर माणूस उठून काही करेल ही अपेक्षाच फोल आहे. तिथे आपोआप फेलओव्हर (पर्यायी सर्व्हरवर काम वळवणं) लागतो, पेजर नाही.

जुना_खिळा:

त्यासाठी कायम पेटलेला अलर्ट असतो. क्यूब-प्रोमिथियसच्या तयार रूल्समध्ये तो 'वॉचडॉग' नावाने येतोच. तो सतत अलर्टमॅनेजरमधून (प्रोमिथियसचे अलर्ट पुढे धाडणाऱ्या साधनातून) बाहेरच्या एका टोकाला जात राहतो, आणि यायचा थांबला की ते टोक बोंब मारतं. बाहेरून फक्त हृदयाचे ठोके मोजणारं काहीतरी हवं. त्यासाठी अख्खं प्लॅटफॉर्म कशाला विकत घ्यायचं?

फेलओव्हरचा मुद्दा मान्य.

हिस्टोग्रॅम_काकू:

दोघेही पाईप कुठून न्यायचा यावर भांडताय. पाईपमधून काय सोडणार ते कोणी सांगेल का?

असे एसएलओ मी बरेच पाहिले आहेत: डेटाबेसमध्ये प्रत्येक सर्व्हरचा पी९९ (९९ टक्के विनंत्या जेवढ्या वेळात पूर्ण होतात तो पर्सेंटाइल) साठवलेला, क्वेरीत त्यांची सरासरी, आणि ती सरासरी प्लॅटफॉर्मला. पर्सेंटाइलची सरासरी म्हणजे काहीच नाही. एका सर्व्हरवर दहा विनंत्या, दुसऱ्यावर दहा लाख, दोघांना सारखं वजन. प्लॅटफॉर्मवर रेघ सुंदर दिसते, हे मात्र खरं.

दोन आकडे सोडा: चांगल्या विनंत्या किती आणि एकूण किती. वेगाचं उद्दिष्ट ३०० मिलिसेकंद असेल तर हिस्टोग्रॅममध्ये (वेळेच्या टप्प्यांनुसार केलेल्या विनंत्यांच्या मोजणीत) बरोबर ३०० वर बकेटची, म्हणजे टप्प्याची, सीमा हवी. ती नसेल तर २५० आणि ५०० च्या मधे कुठेतरी अंदाज बांधला जातो, आणि त्या अंदाजावर कोणाची तरी रात्रीची झोप मोडते. ही सीमा सेवेच्या कोडमध्ये ठरते. एजंट आणा नाहीतर रूल लिहा, तिथे कोणी ती मागाहून निर्माण करू शकत नाही.

यात एक खाच आहे, ती नीट वाचा. प्रोमिथियसचा काउंटर चढत जाणारा असतो. प्रोसेस पुन्हा सुरू झाली की तो शून्यावर येतो आणि रेट हे (वाढीचा वेग काढणारं) फंक्शन ते ओळखून दुरुस्त करतं. म्हणून आधी प्रत्येक सिरीजचा रेट, मग बेरीज. काही लोक उलट करतात. सगळ्या पॉडच्या (सेवेच्या चालू प्रतींच्या) काउंटरांची आधी बेरीज करून तो चढता आकडा प्लॅटफॉर्मला देतात आणि म्हणतात, फरक तुम्ही काढा. वीसपैकी एक पॉड रीस्टार्ट झाला की बेरीज खाली येते. प्लॅटफॉर्मला वाटतं अख्खा काउंटर शून्य होऊन पुन्हा चढला, आणि उरलेल्या एकोणीस पॉडचा सगळा आकडा नव्या विनंत्या म्हणून मोजला जातो.

बरं, रेट काढून पाठवायचं म्हटलं तरी सुटका नाही. दर मिनिटाला एका मिनिटाचाच रेट विचारलात आणि स्क्रेपही मिनिटाचाच असेल, तर खिडकीत जेमतेम एक नमुना सापडतो आणि रेटला किमान दोन लागतात. उत्तर रिकामं.

पेजरधारी:

काकू, चढत्या काउंटरांची बेरीज थेट पाठवायची हाच माझा बेत होता. कारण असं की मधले दोन-तीन स्क्रेप हुकले तरी काउंटर सेवेत चालूच असतो, पुढच्या स्क्रेपला मधली वाढ एकदम दिसते. मिनिटामिनिटाचा रेट पाठवला तर तेवढी मिनिटं कायमची गेली. मग करायचं काय?

हिस्टोग्रॅम_काकू:

रेटची खिडकी पाच मिनिटांची ठेवा आणि रेकॉर्डिंग रूलमध्ये तो आधीच काढून ठेवा. एजंटने ती तयार सिरीज वाचावी. एखाद-दुसरा हुकलेला स्क्रेप त्यात मुरून जातो. आकडा थोडा बोथट होतो हे कबूल. पण बोथट आणि खरा असलेला मला टोकदार आणि खोट्यापेक्षा चालेल.

इन्फ्लक्सग्रस्त:

सगळी चर्चा प्रोमिथियसवर चाललीय, जुन्या सेवांना वाली कोण?

दोन्ही डेटाबेसना 'टाइम सिरीज' म्हणतात म्हणून एकाच तराजूत तोलू नका. प्रोमिथियस स्वतः जाऊन आकडे ओढून आणतो. लक्ष्याने उत्तर दिलं नाही तर ते क्षण गेले, पण 'अप' नावाची मेट्रिक शून्य होते, म्हणजे रिकामी जागा का रिकामी आहे याची नोंद राहते. इन्फ्लक्सकडे सहसा टेलिग्राफ (आकडे गोळा करणारा प्रोग्रॅम) आकडे ढकलतो. नेटवर्क तुटलं की टेलिग्राफ ते स्वतःच्या बफरमध्ये धरून ठेवतो आणि जोडणी परत आली की जुन्या वेळेच्या शिक्क्यासह ओततो. म्हणजे १० वाजून ५ मिनिटांचा डेटा १० वाजून १२ मिनिटांनी येऊ शकतो. तुमचा एजंट तोवर ते मिनिट विचारून, 'रिकामं' असं लिहून पुढे गेलेला. डेटाबेसमध्ये नंतर सगळं भरलेलं, प्लॅटफॉर्मवर भगदाड तसंच. महिन्याअखेरीस दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत आणि बैठक लागते.

फ्लक्समध्ये (इन्फ्लक्सच्या क्वेरीच्या भाषेत) आणखी एक काटा आहे. ॲग्रीगेटविंडो हे फंक्शन मुळात खिडकीच्या शेवटचा वेळ शिक्का म्हणून लावतं आणि रिकाम्या खिडक्याही तयार करतं, त्यात मूल्य नल, म्हणजे काहीच नाही. शिवाय क्वेरीचा शेवट 'आत्ता' असेल तर अखेरची खिडकी अर्धवटच भरते. बेरीज करत असाल तर दर वेळी शेवटचा आकडा खोटा कमी. एजंटने तो उचलला की ट्रॅफिक पडल्यासारखा दिसतो.

आणि ज्यांना आता फ्लक्समध्ये ढीगभर एसएलओ लिहायचेत त्यांनी हे आधी वाचावं: इन्फ्लक्सडीबी ३ मध्ये फ्लक्स चालत नाही. तिथे एसक्यूएल आणि इन्फ्लक्सक्यूएल. प्लॅटफॉर्मचा जोड फक्त फ्लक्स बोलत असेल तर तुमची डेटाबेसची आवृत्ती आता ते प्लॅटफॉर्म ठरवणार.

जुना_खिळा:

हाच तर माझा मुद्दा. जोड विकत घेतला की त्याचं वेळापत्रकही विकत घेतलं.

पेजरधारी:

मग इन्फ्लक्समधल्या सेवांना स्लॉथ कसं लावणार? ती साधनं प्रोमिथियसचीच भाषा जाणतात. 'शेजारीच गणित' हे एकच भांडार असणाऱ्यांना परवडतं. आमच्याकडे दोन आहेत, आणि ग्राहकाची एक विनंती दोन्हीकडच्या सेवांमधून जाते. तिचा हिशोब कुठेतरी एकत्र व्हायलाच हवा. याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

जुना_खिळा:

टेलिग्राफला सांगा, आकडे प्रोमिथियसच्या स्वरूपातही उघडे कर. त्याला तसं आउटपुट आहे. दोन महिने दोन्हीकडे चालवा, मग इन्फ्लक्स फक्त जुन्या डेटासाठी ठेवा.

इन्फ्लक्सग्रस्त:

सांगायला सोपं आहे हो. जिथे टेलिग्राफ बसवणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलाय तिथे हे दोन महिन्यांचं नाही, दोन वर्षांचं काम असतं. या बाबतीत मी धागाकर्त्याच्या बाजूने. एजंट लावा, थांबण्याचा वेळ वाढवा, चालू करा.

कुलूपकिल्ली:

सुरक्षेचं थोडक्यात. थेट जोडणी नकोच. प्रोमिथियसला टीएलएस आणि बेसिक ऑथ लावता येतं, पण कोणाला कोणती सिरीज दिसावी असे अधिकार त्यात नाहीत. आत आला त्याला सगळं दिसतं. इन्फ्लक्समध्ये निदान एकाच बकेटपुरतं (इथे बकेट म्हणजे डेटाचा कप्पा) फक्त वाचायचं टोकन देता येतं. एजंट असला तरी बाहेर जाणाऱ्या आकड्यांसोबत कोणती लेबलं (सिरीजची ओळख सांगणाऱ्या खुणा) जातात ते बघा. ग्राहक क्रमांक लेबलात घालणारे महाभाग सगळीकडे असतात, आणि सिरीजची संख्या फुगवून डेटाबेस आडवा करणारेही बहुतेक तेच.

शून्यभागिले:

मला वाटतं खरा वाद अजून सुरूच झालेला नाही. आकडा आला नाही, तर ते मिनिट चांगलं धरायचं की वाईट?

पहाटे ट्रॅफिक शून्य. चांगल्या शून्य, एकूण शून्य. भागाकार केला तर प्रोमिथियस एनएएन ('हा आकडाच नाही') देतो. भागाकार न करता दोन आकडे पाठवले तर ठीक, शून्य अधिक शून्य, बजेट हलत नाही. पण सेवाच मेली म्हणून आकडा नसेल तर? तिथेही बजेट हलणार नाही! सेवा संपूर्ण मेली की तिचं बजेट जळायचं थांबतं, यापेक्षा मोठा विनोद नाही. उलट, रिकाम्याला वाईट धरलं तर एजंटचा पॉड हलला म्हणून रात्री तीनला पेजर वाजतो. पुढल्या आठवड्यात लोक तो अलर्ट मूक करून टाकतात.

जुना_खिळा:

म्हणून मोजमाप सेवेत न करता तिच्या पुढच्या लोड बॅलन्सरवर (विनंत्या सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेवर) करावं. मागची सेवा मेली तरी तो ५०३ ('सेवा उपलब्ध नाही') मोजत राहतो.

शून्यभागिले:

सहमत, अर्ध्यापुरता. लोड बॅलन्सरच्या मागे रांगेतून काम उचलणाऱ्या सेवा असतात, रात्रीच्या बॅच असतात, तिथे ५०३ कोण मोजणार? आणि कमी ट्रॅफिकच्या सेवांचं आणखी वेगळं दुखणं. तासाला दहा विनंत्या, त्यातली एक फसली तर १० टक्के चुका, म्हणजे ९९.९ च्या हिशोबाने बर्न रेट १००. एका फसलेल्या विनंतीवर पेज. तिथे कृत्रिम विनंत्या सोडून ट्रॅफिक वाढवावा लागतो, नाहीतर खिडकी लांब करावी लागते. तुमचं प्लॅटफॉर्म की आमचे रूल, याने काडीचा फरक पडत नाही.

पेजरधारी:

बऱ्याच गोष्टी एकत्र झाल्या. माझा बेत आता असा: प्रोमिथियसकडे चांगल्या आणि एकूण विनंत्यांचे रेट रेकॉर्डिंग रूलमध्ये, एजंट तेच वाचेल. इन्फ्लक्सकडे क्वेरीचा शेवट 'आत्ता'च्या पाच मिनिटं मागे. टेलिग्राफचा मोठा खोळंबा झालाच तर ते तास पुन्हा विचारून भरायचे. बजेट आणि इतिहास प्लॅटफॉर्मवर. पेजर मात्र कुठून वाजवायचा यावर अडलोय.

जुना_खिळा:

पेजर प्रोमिथियसकडूनच. मिनिटांचा हिशोब वर दिलाय.

पेजरधारी:

मग एकाच एसएलओच्या दोन व्याख्या झाल्या. एक रूलमध्ये, एक प्लॅटफॉर्मवर. सहा महिन्यांत कोणीतरी एकीकडे ४०४ ('सापडलं नाही') वगळेल, दुसरीकडे वगळायचं राहून जाईल. पेजर वाजतोय आणि बजेट हिरवं, किंवा उलटं.

जुना_खिळा:

ओपनएसएलओ या एसएलओ लिहिण्याच्या खुल्या स्वरूपात एकच फाईल, गिटमध्ये, दोन्हीकडचं त्यातूनच तयार करायचं. हाताने कोणी काही बदलायचं नाही.

शून्यभागिले:

त्या फाईलमध्ये क्वेरी येईल, उद्दिष्ट येईल, खिडकी येईल. रिकाम्या मिनिटाचं काय करायचं हे कुठे लिहिणार? रूल एक करतील, प्लॅटफॉर्म दुसरं.

पेजरधारी:

ते क्वेरीतच घालतो. 'अप' शून्य आणि आकडा नाही, तर वाईट. 'अप' एक आणि विनंत्या शून्य, तर काहीच मोजायचं नाही. 'अप'सुद्धा नाही, तर तो सेवेचा प्रश्न नाही, प्रोमिथियसचा किंवा सर्व्हिस डिस्कव्हरीचा (लक्ष्यं शोधून देणाऱ्या यंत्रणेचा). त्याचा वेगळा अलर्ट, बजेटला हात नाही.

हिस्टोग्रॅम_काकू:

'वाईट' म्हणजे किती विनंत्या वाईट? एकूण आकडाच नाही तुमच्याकडे. मागच्या आठवड्यातल्या त्याच वेळेचा ट्रॅफिक धरणार असाल तर तसं स्पष्ट लिहा. आणि वीसपैकी एकाच पॉडचा 'अप' शून्य असेल तर पूर्ण मिनिट वाईट धरू नका, नाहीतर प्रत्येक डिप्लॉयमेंटला बजेट जळेल.

इन्फ्लक्सग्रस्त:

आणि इन्फ्लक्सकडे 'अप' नाहीच. बोला आता.