मदत हवी आहे: बदलापूर ते कल्याण पट्ट्यात पाहुण्यांना खास ‘इथले’ असे काय खाऊ घालावे?

सप्रेम नमस्कार.

बदलापूर पूर्वेला राहायला येऊन आम्हाला सहा वर्षे झाली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझी नणंद, तिचे यजमान आणि दोन मुले नागपूरहून आमच्याकडे प्रथमच येत आहेत. शनिवारी सकाळी ती मंडळी विदर्भ एक्स्प्रेसने कल्याणला उतरतील आणि रविवारी रात्री परत निघतील. परवा फोनवर नणंदेने सहज विचारले, “वहिनी, तुमच्या इथले खास काय?” आम्ही नागपूरला गेलो की तर्री पोहे आणि सावजीचे नाव ती न विचारताच घेते; मला मात्र तिच्या प्रश्नावर “या तर खरे, बघू” याखेरीज काही बोलता आले नाही.

याचे कारण उघड आहे. सीएसएमटीपासून सुमारे 68 किलोमीटर दूर राहणारी आमच्यासारखी माणसे सकाळी सातच्या आत घर सोडतात आणि रात्री नऊला परततात, तेव्हा डोक्यात चव नसते, उद्याचा डबा असतो. आमची बाहेर खाण्याची हौस भागते ती फोर्टात, दादरला किंवा फार तर ठाण्याला उतरून. (पूर्वी येथे घोडे बदलत म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले असे सांगतात, आता आम्ही कल्याणला गाडी बदलतो, एवढाच फरक.) घराजवळ काय मिळते याची चौकशी करायला सवड फक्त रविवारी, आणि त्या दिवशी मोबाइलवर शोध घेतला की ॲप सगळीकडे तीच यादी दाखवते: तंदूर, चायनीज, दाक्षिणात्य आणि ‘महाराष्ट्रीय थाळी’, सारे एकाच मेनूकार्डावर. गेल्या दिवाळीत माझ्या मामांना अशाच एका भरपूर तारे मिळालेल्या ठिकाणी नेले. तेथील ‘व्हेज कोल्हापुरी’ केवळ रंगाने कोल्हापुरी होती आणि मामा स्वतः कोल्हापूरचे. त्यांनी निमूटपणे ताक मागवले, पण मला जे कळायचे ते कळले.

तरीही या पट्ट्याला स्वतःची चव नाही असे मला मुळीच वाटत नाही. आमची शोधण्याची पद्धत चुकते आहे, कारण मला जे दोन-तीन चांगले अनुभव आले, त्यांतला एकही ॲपवरून आलेला नाही.

पहिला अनुभव शेवळांचा, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला उगवणाऱ्या एका रानभाजीचा. पावसाच्या तोंडावर स्टेशनाबाहेर आसपासच्या पाड्यांतल्या ठाकूर आणि कातकरी बायका जांभळट-तपकिरी, मिटलेल्या छत्रीसारख्या कोंबांच्या जुड्या घेऊन बसतात. पहिल्या वर्षी मी कुतूहलापोटी एक जुडी उचलली. विकणारी मावशी म्हणाली, “काकडं घे सोबत, नाय तर घसा खाजंल.” काकडं म्हणजे एक आंबट रानफळ; मला वाटले, जादा विक्रीसाठी सांगते आहे. घरी येऊन मी ती भाजी मेथीसारखी परतली, आणि आम्ही दोघे रात्री अकरापर्यंत घसा खाकरत, गूळ चघळत बसलो. पुढच्या वर्षी शेजारच्या आजींनी हाताला धरून शिकवले: वरचे आवरण सोलायचे, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, कोंब बारीक चिरायचे, काकडांचा आंबट-तुरट रस घालून चांगले शिजवायचे आणि मग सोललेले वाल किंवा सुकट टाकायची. ती चव मला आजतागायत कोणत्याही हॉटेलात मिळालेली नाही. याच सुमारास बदलापूरची जांभळेही बाजारात असतात, त्यामुळे जूनमधल्या पाहुण्यांसाठी निम्मी तयारी निसर्गानेच केलेली आहे.

दुसरा अनुभव उल्हासनगरचा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा दिली गेली. 1949 मध्ये त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले, तरी लोक आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प’ आणि क्रमांकच सांगतात. आम्ही तेथे पडद्याचे कापड आणायला गेलो होतो. सकाळी नऊच्या सुमारास एका गाडीभोवती माणसे उभ्या उभ्या दाल पकवान खात होती: तळहाताहून मोठे, कडक तळलेले पकवान, त्यावर गोटा राहिलेली पण बोटाने दाबताच मोडेल अशी हरभऱ्याची डाळ, चिंचेची आणि हिरवी चटणी आणि वर कच्चा कांदा. पकवान मऊ पडायच्या आत संपवावे लागते, त्यामुळे कोणी बोलत नव्हते. दोन महिन्यांनी दुपारी बारा वाजता पुन्हा गेलो, तेव्हा गाडीही नव्हती आणि मला गल्लीही नीट ओळखता आली नाही.

कल्याणचा खिडकी वडा मला ठाऊक आहे आणि पाहुणे कल्याणलाच उतरणार असल्यामुळे तो पहिल्याच दिवशी होईल. ठाण्याची मामलेदार मिसळही माहीत आहे, पण दोन मुलांना घेऊन तेवढ्यासाठी उलट ठाण्यापर्यंत जाणे नको वाटते. कृपया या दोन नावांच्या पलीकडचे सांगावे.

आता नेमकी अडचण. नणंदेचे यजमान शनिवार पाळतात, त्यामुळे त्या दिवशी शुद्ध शाकाहारी जेवण हवे आणि रविवारी मात्र त्यांना मासे-मटण हवेच. शनिवारसाठी मी उल्हासनगरचा विचार करते आहे. दाल पकवानासाठी कोणत्या कॅम्पात, किती वाजेपर्यंत पोहोचावे, आणि दुपारी साई भाजी (पालक-डाळीची सिंधी भाजी), कोकी (कांदा घातलेली जाड पोळी) किंवा भें (कमळकाकडी) घरच्यासारखे कोठे मिळेल, हे तेथील रहिवाशांनी सांगितले तर फार बरे होईल. रविवारी आगरी जेवण द्यावे असे मनात आहे: तांदळाची भाकरी, घरच्या मसाल्यातले मटण, जवळा किंवा ओले बोंबील. डोंबिवलीच्या आगरी महोत्सवात आम्ही हे सारे एकदा जेवलो आहोत, परंतु तो हिवाळ्यात असतो. बारवी धरणाच्या रस्त्याला ‘घरगुती जेवण मिळेल’ अशा पाट्या दिसतात; त्यांपैकी कोठे खरोखर घरातली बाई चुलीवर रांधते आणि कोठे केवळ पाटीच घरगुती आहे, हे बाहेरून समजत नाही. आदल्या दिवशी सांगून सहा माणसांचे जेवण करून देणारे एखादे आगरी किंवा कुणबी कुटुंब बदलापूर-अंबरनाथ परिसरात असेल, तर तेवढाच परिसर कळवावा. नाव आणि क्रमांक कृपया व्यक्तिगत निरोपातून द्यावा, येथे उघड लिहू नये.

याखेरीज एक विचारायचे आहे. आपल्यापैकी जे डोंबिवली, विरार, पनवेल अशा ठिकाणी राहून रोज मुंबई गाठतात, ते आपल्याच गावातले चांगले खाणे कसे हुडकतात? मी आजवर रिक्षावाल्यांना विचारून पाहिले; ते आपण ‘फॅमिली’ आहोत असे पाहून हटकून वातानुकूलित हॉटेलच सुचवतात. त्याऐवजी “तुम्ही स्वतः सकाळी कोठे खाता?” असे विचारले तेव्हा मात्र एकाने भाजी मंडईच्या मागे नेले आणि तेथले कांदेपोहे खरोखर चांगले निघाले. पोळीभाजी केंद्राच्या काकूंकडूनही कधी कधी पत्ता लागतो. अशा आणखी युक्त्या असतील तर अवश्य लिहाव्यात.

शेवळे मी स्वतःच करणार आहे, काकडांसह. फक्त जुडी शनिवारी सकाळी मिळेल की शुक्रवारी संध्याकाळी परतताना घेऊन ठेवावी, आणि रात्रभर ती टिकते का, हेही कोणी सांगावे.