मदत हवी आहे : मार्चअखेरीस स्पिती (हिमाचल), गाइडेड ४x४ कॉन्व्हॉय, सोबत ६७ वर्षांचे वडील

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चूकभूल समजून घ्या.

आम्ही साताऱ्याचे. माझे वडील (आम्ही अण्णा म्हणतो) एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं नोकरी. त्यातली निम्मी महाबळेश्वर-पोलादपूर, म्हणजे आंबेनळी घाटात, बाकी कुंभार्ली आणि वरंध. पावसाळ्यात धुकं इतकं उतरायचं की कंडक्टर बॅटरी घेऊन गाडीपुढे चालायचा आणि अण्णा त्या उजेडाच्या ठिपक्यामागून गाडी काढायचे, हे मी लहानपणी पहिल्या सीटवर बसून स्वतः बघितलंय. पण माणसाने आयुष्यात बर्फ बघितलेला नाही. रिटायर झाल्यापासून टीव्हीवर हिमालयातले रस्ते लागले की रिमोट कुणाला देत नाहीत. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घराबाहेर फारसे पडत नाहीत. म्हणून मी आणि दादाने ठरवलं की यंदा अण्णांना तिथे न्यायचंच, आणि नुसतं मागच्या सीटवर बसवून नाही, त्यांच्या हातात स्टिअरिंग देऊन.

दादाकडे डिझेल थार आहे, मॅन्युअल, ४x४. एका ग्रुपची मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली ट्रिप सापडलीय, चंदीगड ते चंदीगड नऊ दिवस, सात गाड्या, आपली गाडी आपणच चालवायची, पुढे त्यांची लीड गाडी, शेवटी स्वीप गाडी, सगळ्यांना वॉकीटॉकी. रूट नारकंडा, कल्पा, नाको, ताबो, काझा, मग कीह, चिचम पूल, हिक्किम, कोमिक आणि आल्या वाटेनेच परत. पैसे अर्धे आगाऊ मागताहेत म्हणून भरायच्या आधी विचारतेय.

एक म्हणजे अण्णांना बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत, रोज यवतेश्वरच्या रस्त्याला चालून येतात. काझा म्हणे ३७०० मीटरच्या आसपास, आपलं कळसूबाई १६४६, म्हणजे दुपटीहून जास्त. झेपेल का? दुसरं, घाटात आयुष्य गेलेल्या माणसाला बर्फावर गाडी चालवू द्यावी का, की तो वेगळाच प्रकार आहे? तिसरं, थंडीत डिझेलचं काय होतं? अण्णा विचारताहेत की अटल बोगदा झालाय तर मनालीकडून दोन दिवसांत जाता येत असताना हे लोक किन्नौरमधून (म्हणजे कल्पा-नाकोच्या बाजूने) एवढा वळसा का घालताहेत, पैसे वाढवायला तर नाही ना. आणि ऑर्गनायझरला काय काय विचारून घ्यावं तेही सांगा. जाणकारांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

प्रतिसाद १

ताई, आधी अण्णांच्या शंकेचं उत्तर देतो कारण ती बरोबर जागी आहे. अटल बोगदा (९.०२ किमी, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला) रोहतांग खिंड चुकवतो आणि पलीकडे लाहौलमध्ये सोडतो. स्पितीत जायला त्याच्या पुढे कुंझुम ला (ला म्हणजे खिंड) ओलांडावा लागतो, साडेचार हजार मीटरच्या वर, आणि तो बर्फाने बंद असतो, साधारण मेअखेर-जूनशिवाय उघडत नाही. त्यामुळे मार्चमध्ये काझ्याला गाडीने जायला किन्नौरची बाजू हा एकच रस्ता आहे, त्यात फसवणूक नाही. उलट तुमच्यासाठी तोच चांगला, कारण सतलजच्या कडेकडेने हळूहळू चढत जातो, नारकंडा २७०० च्या आसपास, कल्पा २९५०, नाको ३६५०, परत ताबोला ३३०० पर्यंत खाली आणि मग काझा. मनालीकडून एकदम वर फेकले जाता.

मी दोनदा गेलोय, एकदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. खाली किन्नौरमध्ये जर्दाळू फुललेले, झाडाला पान एक नाही, नुसती पांढरी-गुलाबी फुलं आणि मागे किन्नर कैलासवर बर्फ. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते तिथून पुढे झाडं संपतात आणि मातीच मातीच्या डोंगरांत शिरतो आपण.

आता बर्फाचं. ताजा बर्फ एवढा वाईट नाही, टायर धरतो. वाईट ते दिवसा वितळून रस्त्यावर आलेलं पाणी जे रात्री गोठतं, सकाळी सावलीच्या वळणावर डांबर नुसतं ओलं दिसतं आणि ती असते काच. अण्णांना घाटाचा नियम शिकवायला नको, ज्या गिअरवर चढवली त्याच गिअरवर उतरवायची, तोच इथेही कामाला येतो, उतारावर लो रेंज (४x४ चा सगळ्यात हळू, ताकदीचा गिअर) टाकून पाय ब्रेकवरून काढायचा आणि इंजिनावर गाडी सोडायची. विसरायची गोष्ट एकच, वळणात ब्रेक. ब्रेक मारायचा तो वळणाआधी सरळ असताना, अगदी हलका, आणि पुढच्या गाडीपासून नेहमीच्या चौपट अंतर. बर्फावरून गाडी उचलताना दुसरा गिअर, पहिल्यात चाक जागेवर फिरतं. थारची ४x४ पार्ट टाइम आहे, कोरड्या डांबरावर ४एच मध्ये (चारही चाकांना ताकद असताना) वळणं घेऊ नका, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नसल्याने सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. बर्फ लागला की टाका, संपला की काढा.

रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओला असेल तर गोठून चिकटतो. गिअरमध्ये ठेवायची आणि चाकामागे दगड. वायपर उचलून ठेवा. काच धुवायच्या टाकीत साधं पाणी नको. डिझेलमध्ये मेण असतं ते थंडीत साकळून फिल्टर बंद करतं, म्हणून मैदानातलं डिझेल टाकीत घेऊन वर रात्र काढायची नाही, टाकी बरीच रिकामी करत जायचं आणि रेकाँग पिओला भरायची, नंतर काझ्याला पंप आहेच. (इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत चालणारं हिवाळी डिझेल लडाखसाठी काढलं ते याच कारणाने.)

ऑर्गनायझरबद्दल मात्र कान उघडे ठेवा. आमच्या पहिल्या ट्रिपला स्वीप गाडीवाला नाकोजवळ आम्हाला मागे टाकून पुढे निघून गेला, मलिंग नाल्यापाशी आमचं चाक रुतलं, वरून दगड घरंगळत होते आणि वॉकीटॉकीवर कुणी नाही. बायको बाहेर उभी राहून वर बघत होती आणि मी फावड्याने खरडत होतो, ती वीस मिनिटं आजही आठवतात. तेव्हा विचारा की स्वीपला कोण आहे, त्याच्याकडे दोर, फावडं, बर्फात टायरवर चढवायची चेन, ऑक्सिजन सिलिंडर आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बर्फ पडला तर ते थांबतात का. नवा बर्फ पडून दुसऱ्या दिवशी कडक ऊन आलं की हिमकडे आणि दगड सुटतात, बीआरओ (सीमेकडचे रस्ते सांभाळणारी सरकारी संस्था) रस्ता मोकळा करेपर्यंत एक-दोन दिवस बसून राहावं लागतं. ज्याच्या प्लॅनमध्ये असा एकही मोकळा दिवस नाही त्याच्याबरोबर जाऊ नका. नाले सकाळी ओलांडायचे, दुपारनंतर पाणी वाढतं.

प्रतिसाद २

तब्येतीबद्दल लिहिते, मी नर्स आहे, पण डॉक्टरांना भेटल्याशिवाय काही ठरवू नका. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही असा साधा नियम आहे. मला विचाराल तर कल्पाला दोन रात्री राहा, आणि कल्पाहून थेट नाकोला मुक्काम करण्याऐवजी ताबो बरं, तिथे झोपायची उंची कमी. हिक्किम, कोमिक साडेचार हजारांच्या आसपास आहेत, तिथे दिवसा जाऊन झोपायला काझ्यालाच या, आणि काझ्याला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तर जाऊच नका.

अण्णांची बीपीची गोळी कुठली आहे ते बघा, लघवी जास्त होणारी असेल तर डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) देण्याआधी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही. रात्री डोकं दुखलं, मळमळलं तर वर जायचं नाही. बसल्याजागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा बडबड असंबद्ध वाटली तर सकाळची वाट न बघता खाली. आणि आपली जुनी माणसं "काही नाही, गॅस झालाय" म्हणून दुखणं अंगावर काढतात, म्हणून तुम्हीच रोज सकाळ-संध्याकाळ विचारा.

धागाकर्ती

दोघांचेही खूप खूप आभार, हे सगळं मी अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. ताई, तुम्ही लिहिलेलं गॅसचं वाक्य आलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. गोळी साधी आहे, लघवीची नाही, ईसीजी आणि टू-डी इको केला, दोन्ही नीट. डायमॉक्स कधी आणि किती ते लिहून दिलंय. ऑर्गनायझरला फोन करून मोकळ्या दिवसाचं विचारलं तर म्हणाला प्लॅन टाइट आहे, सगळ्यांच्या सुट्ट्या असतात मॅडम. त्याला नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या एकाशी बोलणं झालं, तो अकरा दिवसांचं करतो, कल्पाला दोन रात्री, एक दिवस राखीव, आणि स्वीप गाडीत मेकॅनिक बसतो असं त्याने आपणहून सांगितलं. एप्रिलचा पहिला आठवडा. त्याच्याकडे पैसे भरतोय.

गाडीचं असं ठरलंय की साताऱ्याहून चंदीगड दादा आणि मी, किन्नौर अण्णा, काझ्याच्या पुढे बर्फ असेल तिथे लीडवाला सांगेल तो. अण्णांना हे मान्य आहे, म्हणाले नव्या रूटला पहिल्यांदा जुन्या ड्रायव्हरशेजारी बसूनच जायचं असतं, डेपोतही तसंच होतं.

चाकामागे दगड लावायचं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परड्यातल्या बाभळीच्या ओंडक्यातून त्यांनी करवतीने दोन पाचरी कापल्या, कोन तिरका बरोबर बसावा म्हणून थारच्या मागच्या चाकाला तीनदा लावून बघितल्या, आता त्यांना भोक पाडून दोरी बांधतायत, म्हणजे चिखलात हात न घालता ओढून काढता येतील.

आता फक्त चेनचा प्रश्न उरलाय. टायर २५५/६५ आर १८ आहेत, नव्या घ्यायच्या तर एकाच ट्रिपसाठी महाग पडतात. सातारा, कराड किंवा पुण्यात कुणाकडे या साइजच्या पडून असतील तर भाड्याने किंवा विकत, मेसेज करा, अण्णा आणि मी येऊन घेऊन जाऊ.