अनुभव धागा: कल्पित जगांच्या नव्या कादंबऱ्या, कोकणातल्या पावसात वाचलेल्या

पावसाळ्यात किनाऱ्यावर वाचायला सवड मिळते आणि नेमकी तेव्हाच वीज जाते, हे गृहीत धरून हा धागा मांडत आहोत. 2020 पासून पुढे प्रसिद्ध झालेली फँटसी, डिस्टोपियन (म्हणजे बिघडलेल्या, दडपलेल्या समाजाची) किंवा कुमारांसाठी लिहिलेली एखादी कादंबरी आपण वाचली असेल, तर सगळे कथानक न उलगडता ती आपल्याला का भिडली, अथवा का भिडली नाही, हे सांगावे. बहुतेक पुस्तके इंग्रजीतच असणार. त्यांच्याविषयीचे बोलणे मात्र मराठीत व्हावे.

चिपळूण

22 जुलै 2021 रोजी घरात पाणी शिरले, तेव्हा आम्ही जिन्याच्या पायऱ्या मोजत बसलो होतो. पाचवी पायरी बुडाली तरी "2005 साली इथवरच आले होते, याच्या वर यायचे नाही," असे सासरे ठामपणे सांगत राहिले आणि आम्ही ऐकत राहिलो, कारण घर सोडण्यापेक्षा ऐकणे सोपे होते. पॉल लिंच यांच्या ‘प्रॉफेट साँग’ या 2023 च्या बुकरविजेत्या कादंबरीने तो जिना मला पुन्हा दाखवला. आयर्लंडमध्ये दडपशाहीचे सरकार येते, शिक्षक संघटनेत काम करणारा नवरा नाहीसा होतो, आणि चार मुलांची आई असलेली आयलिश, कॅनडातली बहीण निघून ये म्हणून विनवत असतानाही, आज नको, उद्या बघू, असे करत तिथेच राहते. संवादांना अवतरणचिन्हे नाहीत आणि परिच्छेदही पाडलेले नाहीत. पहिली वीस पाने मला याचा राग आला. नंतर वाटले की वाचकाला उसंत मिळू नये हाच हेतू असावा. शाळकरी मुलांच्या हाती हे पुस्तक देऊ नये.

मालवण

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे नवरा पडवीत जाळी दुरुस्त करतो आणि मी धाकट्याला वाचून दाखवते. यंदा कॅथरीन रन्डेल यांचे 2023 चे ‘इम्पॉसिबल क्रीचर्स’ घेतले होते. एक वाक्य इंग्रजीत वाचायचे आणि लगेच मालवणीत सांगायचे, असा आमचा क्रम होता. अटलांटिक महासागरात दडलेल्या बेटांवर युनिकॉर्न, ग्रिफिन असे दंतकथांतले प्राणी राहतात, आणि तिथली जादू आटत चालल्याने ते मरू लागतात. पुस्तकात त्या प्राण्यांची सचित्र सूची आहे. ती पुढून मागून चाळून झाल्यावर मुलाने विचारले, "आपलो देवचार ह्याच्यात खंय हा?" देवचार प्राणी नसतो, तो राखणदार असतो, हे नवऱ्याने जाळ्यातून मान वर न करता सांगितले, आणि त्या रात्री पुढचे प्रकरण राहूनच गेले.

रत्नागिरी

तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे आर. एफ. क्वांग यांची ‘बाबेल’ (2022) मी थोड्या संशयानेच उघडली होती. कथा 1830 च्या दशकातल्या ऑक्सफर्डमध्ये घडते. चांदीच्या लगडीवर दोन भाषांतले जवळच्या अर्थाचे शब्द कोरून ते उच्चारले की, एका भाषेतून दुसरीत जाताना जेवढा अर्थ सांडतो तेवढा प्रत्यक्षात उतरतो, अशी त्यातली जादू आहे. अट एवढीच की उच्चारणाऱ्याला दोन्ही भाषा आतून कळल्या पाहिजेत, आणि म्हणूनच साम्राज्याला कँटनचा रॉबिन आणि कलकत्त्याचा रामी यांची गरज भासते.

पुस्तक मिटल्यावर मी असे शब्द शोधत बसलो. आमच्या गावी ग्रामदेवतेपुढे मानकरी गाऱ्हाणे घालतो आणि प्रत्येक मागण्यानंतर सगळे "होय महाराजा" म्हणतात. त्याला इंग्रजीत ‘प्रेयर’ म्हणावे तर देवाला हक्काने सुनावणे निसटते; ‘कम्प्लेंट’ म्हणावे तर सलगी निसटते. हे गाऱ्हाणे लगडीवर कोरले तर काय घडेल, याचा विचार मी अजून करतो आहे. पुढे कथानक अफूच्या व्यापारापाशी येते. त्या काळी माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती, हे ठाऊक असलेल्या वाचकाला ती गोष्ट दूरची वाटणार नाही. दोष सांगायचा तर लेखिका आपला मुद्दा तळटीपांतूनही बजावत राहते. वर्गात मीही तेच करीत असे.

देवगड

आंब्याच्या पेट्या भरून झाल्यावर रात्री रिबेका यारोस यांचे ‘फोर्थ विंग’ (2023) वाचले. ड्रॅगन झकास आहेत, पण प्रेमप्रकरण रंगले की युद्ध बाजूला पडते. कुमारांचे पुस्तक समजून भाचीसाठी घेतले होते. ते प्रौढांसाठी आहे आणि त्यात शृंगाराची उघड वर्णने आहेत, हे घेण्याआधी माहीत असावे.

दापोली

सुझॅन कॉलिन्स यांची, ‘हंगर गेम्स’ मालिकेतली ‘सनराइज ऑन द रीपिंग’ मार्च 2025 मध्ये आली आणि नववीतल्या माझ्या मुलीने ती माझ्याआधी संपवली. सरकार भरवत असलेल्या आणि देशभर प्रक्षेपित होणाऱ्या जीवघेण्या खेळात नेहमीच्या 24 ऐवजी 48 मुले उतरवली जातात, एवढे ऐकूनच मी पुस्तक काढून घेणार होते, पण तिने मला दुसरीच जागा दाखवली. मुलांची निवड करताना उडालेला गोंधळ प्रक्षेपणात दिसतच नाही. तो भाग वगळला जातो, आणि देशाला ती कापलेली हकीकतच खरी म्हणून दाखवली जाते. महिन्याभराने बंदरावरच्या भांडणाची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली. मी नावे ठेवायला सुरुवात केली, तेव्हा तिने शांतपणे विचारले, "आई, हे कुठून कापले असेल?"

वेंगुर्ले

गौतम भाटिया हे राज्यघटनेचे अभ्यासक. त्यांच्या ‘द वॉल’ (2020) या कादंबरीतल्या सुमेर शहराला चहूबाजूंनी भिंत आहे, आणि मिथिला नावाच्या तरुणीला तिच्यापलीकडे जायचे आहे. कायद्यांची चर्चा मधूनमधून लांबते, तरी मला ती आवडली. आमच्या पायरीवरून रोज समुद्र दिसतो, म्हणून क्षितिज कधीच न पाहिलेल्या माणसांची तगमग समजायला मला शंभरेक पाने लागली. पुढचा भाग, ‘द होरायझन’, मागवला आहे. टपालाने अजून आलेला नाही.