वर्गात एकच फोन असताना आकारिक मूल्यमापन

प्रश्न: सहावीच्या वर्गात अडतीस मुले आणि स्मार्टफोन फक्त माझा, अशा वेळी अपूर्णांक शिकवतानाच कोणाला काय समजले, हे ताडून पाहणारे आकारिक मूल्यमापन कसे करावे?

उत्तर १: प्लिकर्स हे बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरे टिपणारे अ‍ॅप वापरून पाहा. प्रत्येक मुलाला वेगळे छापील कार्ड मिळते. त्याची जी बाजू वर धरली जाईल तो पर्याय तुमच्या फोनचा कॅमेरा टिपतो, त्यामुळे शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणे अवघड जाते.

उत्तर २: पर्याय मात्र विचारपूर्वक निवडा. १/३ आणि १/४ यांत मोठा कोणता, असे विचारल्यावर माझ्याकडील बरीच मुले १/४ म्हणाली, कारण त्यांनी केवळ छेदांची तुलना केली होती; त्याच तासाला मी कागदी पट्ट्यांच्या घड्या घालून घेतल्या.

प्रश्नकर्ता: या उत्तरांना गुण द्यावेत का?

उत्तर २: कृपया देऊ नका, गुणांच्या भीतीने मुले चूक लपवतात.