नवी मुंबईतल्या दिघ्यात नवीन भाडेकरू. बीपी-शुगर आणि बाळाच्या लसींसाठी कुठे जावं?

प्रश्न: चाळीत नवीन कुटुंब आलंय. रेशनकार्ड गावचं. आजींना बीपी-शुगर, नातू नऊ महिन्यांचा. सुरुवात कुठून?

उत्तर १: पालिकेच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रातून. साधारण ५०,००० वस्तीमागे एक असा निकष आहे. बाळाचं लसीकरण कार्ड गावचं असलं तरी चालतं, तेच न्या. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस. तो लांबवू नका, दाटीच्या वस्तीत गोवर झपाट्याने पसरतो.

उत्तर २: आजींच्या उपाशीपोटी तपासणीआधी ८ तास फक्त पाणी. बहुतेकांचं इथेच चुकतं: सकाळचा चहा होतो आणि आकडा वाढतो. बीपीआधी ५ मिनिटं टेकून बसवा, हात हृदयाच्या पातळीवर. टेकडी उतरून-चढून आल्याआल्या मोजू नका. चालू गोळ्यांची रिकामी पाकिटंही न्या, नुसतं ‘पांढरी गोळी’ सांगून डॉक्टरांना काही कळत नाही.

प्रश्नकर्ता: आशाताई (वस्तीत घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या) अजून आल्या नाहीत.

उत्तर ३: भाडेकरू बदलतात, यादी जुनीच राहते. केंद्रात गल्लीचं नाव सांगून त्यांचा नंबर घ्या आणि घराची नोंद करायला लावा. हे याच आठवड्यात कराच.